आधी ऐकणारी फिदाना

भक्तीचे नऊ प्रकार सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी श्रवणाला पहिले आसन दिले आणि कीर्तनाला दुसरे. या क्रमाचे मला तरुणपणी नवल वाटे. गाणाऱ्याने पुढे बसावे आणि ऐकणाऱ्याने त्याच्यासमोर खाली, असा जगाचा व्यवहार. मग शास्त्रकारांनी ऐकणाऱ्याला अग्रपूजेचा मान का दिला असेल? उत्तर मिळायला मला फार दूर यावे लागले. बल्गेरियातल्या रोदोपी पर्वताच्या कुशीत एलोवित्सा नावाचे लहानसे गाव आहे. माझ्या आयुष्याचा उत्तरार्ध तिथे गेला आणि तिथल्याच एका स्त्रीने ते उत्तर, आपण काही देत आहोत याची जाणीवही न ठेवता, माझ्या पदरात टाकले. आपला स्वर कुठेतरी पोहोचला, कुणाच्या तरी हृदयात उतरला, ही खात्री नसेल तर कंठ हळूहळू मिटत जातो. ती खात्री देणे ही एक साधना आहे. तिला टाळ्या मिळत नाहीत, हार मिळत नाहीत. आणि तरीही ती करणारी माणसे असतात. फिदाना त्यांतली होती.

आमच्या टपाल कार्यालयाच्या माडीवर एका खोलीत स्थानिक केबल वाहिनीचा संसार होता. मालक स्तामेन. खांबावर चढून तारा जोडणे, वर्गणी गोळा करणे आणि प्रत्येकावर ओरडणे ही तीनही कामे तो स्वतःच करी. उरलेली सगळी वाहिनी म्हणजे फिदाना. सकाळी हवामान सांगणारी ती, मृतांच्या स्मरणाच्या सूचना वाचणारी ती, आणि शनिवारी दुपारी शुभेच्छांचा कार्यक्रम सादर करणारीही तीच. या शेवटच्या कार्यक्रमासाठी सारे खोरे चुलीवरचे भांडे उतरवून बसत असे. कुणाचा वाढदिवस, कुणाचा नामदिन म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, कुणाच्या नातवाचे बारसे; आप्तांनी पैसे भरून निरोप पाठवायचा, सोबत एक गाणे मागायचे, आणि फिदानाने तो निरोप वाचून ते गाणे लावायचे. अर्धे गाव परदेशी मजुरीला गेलेले असल्यामुळे हे निरोप स्पेनमधून, जर्मनीतून येत. जे मागितले तेच लावायचे, हा त्या कार्यक्रमाचा दंडक होता. आणि मागितली जात ती राजधानी सोफियातल्या मोठ्या कंपन्यांनी झगमगाटात चित्रित केलेली, ठेका धरायला लावणारी गाणी. आमच्या डोंगरातल्या गाणाऱ्यांकडे ना कंपनी होती ना चित्रफीत. जे दिसत नाही ते मागायचे तरी कुणी?

फिदानाने यावर जो उपाय काढला तो तिच्या स्वभावासारखाच बिनबोभाट होता. वाहिनीचा जुना कॅमेरा खांद्याला लावून ती गाणाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. तिथेही तिची एक रीत होती. कॅमेऱ्याचे झाकण न काढता ती आधी समोर बसे, डोळे मिटून पूर्ण गाणे ऐके, आणि मग कॅमेरा सुरू करून म्हणे, “हं, आता चल.” मग तेच गाणे पुन्हा, चित्रणासाठी. दुसऱ्या वाहिन्यांवर ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवण्याची पद्धत होती. ती तिला मान्य नव्हती. “ओठ हलवायचे तर जेवायला बसा,” ती म्हणे. कार्यक्रमाच्या शेवटी, सगळे निरोप संपल्यावर, “ही वाहिनीकडून भेट” असे म्हणून ती एक असे गाणे लावी. पुढे मोबाइल आले, तेव्हा गुडघेदुखी आणि चष्मा सांभाळत ती नवी विद्याही शिकली आणि तीच गाणी इंटरनेटवर वाहिनीच्या पानावर ठेवू लागली. ‘आता चल’ हे आरंभीचे शब्द मात्र तिने कधी कापले नाहीत. मी एकदा कारण विचारले.

“मास्तर, गाण्याआधी कुणीतरी ऐकायला बसलं होतं, हे कळायला नको?”

आमच्या गावात मला सगळे मास्तर म्हणत.

केराना आणि मानोल हे दांपत्य तिला असेच सापडले. केराना लोकरी मोजे विणण्याच्या कारखान्यात कामाला होती. मानोल बटाट्याची शेती करी आणि गायदा वाजवी. गायदा हे बकरीच्या कातड्याच्या पिशवीचे वाद्य. नळीतून फुंकून पिशवी भरायची आणि कोपराने ती दाबत स्वर काढायचा. आमच्या डोंगरातली गायदा खर्जात बोलते, दरीच्या तळातून आल्यासारखी. दोघांची जोडी गावजेवणात, देवळाच्या जत्रेत गाई, त्यापलीकडे त्यांना कुणी विचारत नसे. फिदाना त्यांच्या परसात गेली, झाकण न काढता ऐकले, आणि मग म्हणाली, “हं, आता चल.”

गाणे धुक्याला घरची वाट विचारणाऱ्या मुलीचे होते. दुसरे कडवे संपता संपता मानोलने नळीवरून तोंड काढले. तो दमला असे समजून केराना थांबली. पण वादकाने फुंकणे थांबवले तरी पिशवीत साठलेल्या श्वासावर गायदा आणखी थोडा वेळ बोलते. मानोलच्या कोपराखाली ती बोलतच होती. तो हसून म्हणाला, “अगं थांबतेस काय? हवा आहे अजून!” केरानाही हसली आणि त्या हसण्यातूनच तिने तिसरे कडवे उचलले.

स्तामेन म्हणाला, “ते बोलणं काप. चूक दिसते.”

“तुझं नाक काप,” फिदाना म्हणाली, आणि तिने ते तसेच ठेवले.

तेवढ्या एका वाक्याने ते गाणे जगभर नेले. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाया ते फोनवर लावून काम करू लागल्या. जर्मनीत ट्रक चालवणाऱ्याने लिहिले की मी हे ऐकायला गाडी कडेला घेतो. लग्नांत, नामदिनांना शुभेच्छांच्या कार्यक्रमात लोक ते आता नाव घेऊन मागू लागले. ज्यांच्या मागे कुठलीही कंपनी नव्हती त्या दोघांना पहिल्यांदाच परगावची आमंत्रणे आली. मानोल मला म्हणाला होता, “मास्तर, पुढच्या उन्हाळ्यात बटाटे कमी लावायचे म्हणतो. गाण्यावर पोट भरतं का ते बघू एकदा.”

तो उन्हाळा त्याला दिसायचा नव्हता. हिवाळ्याच्या तोंडाशी लाकडे रचताना तो खाली बसला, तो उठलाच नाही.

आमच्या भागात घरधनी गेला की वर्षभर त्या घरात गाणे होत नाही. विधवा काळे नेसते, टीव्हीवर संगीत लागले तर आवाज बंद करतात, वाद्य असेल तर त्यातली हवा काढून ते भिंतीला टांगतात. मानोलची आई यागोदा आजी हिने स्वतःच्या हाताने गायदेची पिशवी दाबून रिकामी केली. गायदेचा तो शेवटचा हुंकार आम्ही अंगणात उभे राहून ऐकला. फिदाना माझ्या शेजारीच उभी होती.

त्यानंतर जे घडले ते फिदानाच्या हातून घडले, आणि ते आमच्या इथल्या रीतीभातींतच घडू शकले असते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मानोल नावाच्या सगळ्यांचा नामदिन. त्या दिवशी न बोलावता पाहुणे येतात, दार उघडेच असते, आणि परदेशी असलेले आप्त शुभेच्छांचे निरोप महिना-दोन महिने आधीच पैसे भरून नोंदवून ठेवतात. स्पेनमधल्या चुलतभावाने मानोलसाठी असाच निरोप पाठवला होता, आणि गाणेही मानोलचेच मागितले होते. फिदानाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून सणातले सगळे निरोप तिने शरद ऋतूतच आपल्या आवाजात मुद्रित करून यंत्रात भरून ठेवले होते. मग मानोल गेला. मग तिचे रुग्णालय झाले. चुलतभाऊ विसरला आणि तीही विसरली.

त्या दुपारी मी तिच्याकडेच जेवायला होतो. ताटात चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बानित्सा होती. कोपऱ्यात टीव्ही चालू होता आणि त्यातली फिदाना प्रसन्न मुखाने बोलत होती:

“एलोवित्साच्या मानोलला नामदिनाच्या शुभेच्छा! जिवंत राहा, ठणठणीत राहा, शंभरी गाठ, आणि तुझा श्वास कधी कमी न पडो!”

आणि पडद्यावर मानोल आला, गालांत हवा भरून, डोळ्यांनी हसत.

समोर बसलेल्या फिदानाने काटा खाली ठेवला. ती उठली, दाराशी असलेली काठी घेतली, आणि कोट न घालता बर्फात चढावर चालू लागली. मी तिचा कोट घेऊन मागे धावलो. तिने तो घेतला नाही.

यागोदा आजी आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही हातांना पीठ लागलेल्या स्थितीत उभी होती. देवळातली प्रार्थना ऐकायला तिने टीव्ही लावला होता. प्रार्थना संपून शुभेच्छा सुरू झाल्या आणि पिठाच्या हातांनी बटण दाबायला ती पोहोचेपर्यंत सगळे होऊन गेले होते.

“कोण, फिदाना? ये. आत्ताच माझ्या लेकाला शंभर वर्षं देऊन गेलीस. आता आणखी काय द्यायला आलीस?”

“आजी, चुकले मी. आधी भरून ठेवलं होतं यंत्रात…”

“यंत्रावर ढकलू नकोस. आवाज तुझा होता.”

“माझाच होता,” फिदाना म्हणाली.

शेगडीजवळ केराना काळ्या रुमालात बसली होती, मांडीवर अर्धा विणलेला मोजा. फिदाना तिच्यासमोर कशीबशी खाली बसली.

“केराना, बोल गं काही. शिव्या तरी दे.”

“काय बोलू, ताई?” केराना मान वर न करता म्हणाली. “मला वाटलं, तो खरंच आला.”

मग यागोदा आजीने हात पुसले.

“ते गाणं काढून टाक. टीव्हीवरचं काढ आणि त्या फोनमधलंही काढ. तिकडे लोक माझ्या लेकाच्या श्वासावर नाचतात, इकडे मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावते. आणि हिचंही गाणं संपलं. या घरात झालं तेवढं पुरे झालं.”

फिदानाने केरानाकडे पाहिले. केराना मोज्याचे टाके मोजत होती.

“काढते, आजी,” फिदाना म्हणाली.

तिने त्याच दिवशी ते काढले. स्तामेन माडीवर येऊन इतका ओरडला की खाली टपाल घ्यायला आलेली माणसे थांबून ऐकू लागली.

“ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आपल्या वाहिनीचं नाव त्या एका गाण्यावर आहे! सोफियाहून त्या टीव्हीवाल्या बाईचा परवाच फोन आला होता. ज्यांना कुणी विचारत नाही अशा गाणाऱ्यांचा कार्यक्रम, सगळा देश बघणार, वसंतात केराना हवी म्हणाली. तिला काय सांगू?”

“सांग, घरात दुखवटा आहे.”

“वर्षभर कोण थांबतंय! लोक आठवड्यात विसरतात.”

“तू लोकांचं बोलतोयस, स्तामेन. मी केरानाचं बोलतेय. त्या घरात पुन्हा गाणं होईल की नाही, ते माझ्या तोंडून गेलेल्या एका वाक्यानं अडलंय. ते सुटेपर्यंत तुझी सोफिया बसू दे.”

सोफिया काही बसली नाही. वसंतात तो कार्यक्रम झाला, दुसऱ्या कुणा गायिकेला बोलावले गेले, आणि स्तामेनने आवाज मोठा करून तो मुद्दाम फिदानाला दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला. “चांगली गाते रे ही,” एवढेच म्हणाली.

त्या वर्षभर ती अधूनमधून केरानाकडे जाऊन बसे. कॅमेरा नाही, गाण्याचा विषय नाही. दोघी मोजे विणत. यागोदा आजी प्रथम पाठ करून बसे, मग तिरकी बसू लागली, मग कॉफीचा तिसरा कप काढू लागली. फिदानाचा विणलेला मोजा पाहून ती म्हणे, “हा पायात घालायचा की घंटेला?” आणि फिदाना निमूटपणे तो उसवी. बटाटे काढण्याच्या दिवसांत एकदा ती शेतावरून परतताना माझ्या फाटकाशी थांबली. चेहऱ्यावर काही निराळेच तेज होते.

“मास्तर, केराना गुणगुणली. वाकून बटाटे वेचत होती, एक ओळ आली ओठांवर. मग भानावर आली आणि थांबली.”

“मग तू काय केलंस?”

“मी पाठमोरी होते. तशीच राहिले. ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.”

ज्याला संयम म्हणतात तो मी ग्रंथांत पुष्कळ वाचला होता. बटाट्याच्या शेतात मागे वळून न पाहणाऱ्या त्या बाईत तो मला प्रत्यक्ष दिसला. कुणीही दुसरा असता तर त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला असता.

मानोलचे वर्षश्राद्ध आले. आमच्याकडे त्या दिवशी उकडलेला गहू आणि पाव वाटतात, मृताचे छायाचित्र असलेली सूचना दारावर आणि विजेच्या खांबांवर चिकटवतात, आणि आता तर वाहिनीवरही ती वाचून घेतात. त्या शनिवारी दुपारी, शुभेच्छांच्या कार्यक्रमाच्या वेळी, यागोदा आजी केरानाचा हात धरून टपाल कार्यालयाचा जिना चढून आली. मी वर्तमानपत्र घ्यायला आलो होतो. जिन्यात तिला वाट देता देता मीही मागोमाग वर गेलो. फिदानाने नेहमीप्रमाणे छायाचित्रासाठी हात पुढे केला.

“फोटो नाही आणला,” आजी म्हणाली. “या खेपेला वाचू नकोस. त्यालाच दाखव.”

फिदानाने हात मागे घेतला. “आजी, तुम्हीच सांगितलंत म्हणून ते काढलं मी.”

“काढलंस ते मला ठाऊक आहे. पुसलंस का?”

“नाही. पुसलं नाही.”

“मग झालं तर. तो गेला तेव्हा मी पिशवीतली हवा काढली. तेवढीच त्याची उरली होती, आणि मी ती माझ्या हातानं काढली. वर्षभर तो आवाज माझ्या कानांतून जात नाही. तुझ्याकडे आहे ना अजून त्याची? लाव.”

“या कार्यक्रमात मागितलेलंच लावतात,” स्तामेन दारातून हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ओरडला नव्हता.

“मग मी मागतेय. आईकडून मानोलला.”

फिदानाने निरोप म्हणून तेवढेच वाचले: “आईकडून मानोलला.” मग पडदा परसाने भरला. ‘हं, आता चल’ ऐकू आले आणि गायदा खर्जात बोलू लागली. आम्ही पाचही जण त्या लहान खोलीत दाटीने होतो. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आजी होती. पहिले कडवे झाले. दुसरे झाले. मानोलने नळीवरून तोंड काढले, पडद्यावरची केराना थांबली, आणि तो हसत म्हणाला, “अगं थांबतेस काय? हवा आहे अजून!”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या केरानाने श्वास घेतला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. फिदानाचा हात खोलीतला बंद माइक उघडायला बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने आजीकडे पाहिले. आजीचे डोळे मिटलेले होते.

“उघड,” ती म्हणाली.

आणि तिसरे कडवे दोन केरानांनी म्हटले. एक हसत म्हणत होती, दुसरी त्याच स्वरात किंचित खाली, वर्षभराच्या मौनाने जड झालेल्या गळ्याने तिच्यामागून चालत होती. खिडकीखालच्या चौकात लोक उभे राहिले होते. गाणे संपल्यावरही गायदा थोडा वेळ बोलत राहिली, आणि फिदानाने नेहमीप्रमाणे तेही कापले नाही.

सोफियाची ती संधी पुन्हा आली नाही. केराना मोठी प्रसिद्ध गायिका वगैरे झाली असे सांगितले तर ते खोटे होईल. गाणे पुन्हा इंटरनेटवर आले, हरवलेले ऐकणारे पुष्कळसे परतले. स्पेनमधल्या आमच्या मजुरांनी वर्गणी काढून तिला गायला बोलावले, मग जर्मनीतल्यांनी. कारखान्यातले काम तिने अर्धे केले, सोडले नाही. खोऱ्यातल्या इतर गाणाऱ्यांनी ते पाहिले आणि ते स्वतःहून टपाल कार्यालयाचा जिना चढू लागले. सणांचे निरोप मात्र फिदानाने त्यानंतर कधीही आधी मुद्रित केले नाहीत. नाताळातही ती काठी टेकत माडीवर जाई आणि प्रत्येक नाव वाचण्याआधी फोन करून विचारी, “आहेत ना बरे?” लोक त्याची थट्टा करत. “आहे बाई, आहे,” ते ओरडत, “अजून राकिया पितोय!”

गेल्या हिवाळ्यात फिदाना गेली. तिला जवळचे नातलग नव्हते. परक्यासाठी दुखवटा धरण्याची आमच्याकडे रीत नाही. पण केरानाने चाळीस दिवस काळा रुमाल बांधला आणि त्या दिवसांत एका लग्नाचे आमंत्रण परत पाठवले. यागोदा आजी, जी आता फारशी चालू शकत नाही, तिने तिला त्याबद्दल काही विचारले नाही. चाळिसाव्या दिवशी आजीनेच भिंतीवरची गायदा उतरवायला सांगितली. ती आता केरानाचा भाचा वाजवतो.

टपाल कार्यालयाच्या माडीवरची खोली आहे. स्तामेन ती चालवतो. फिदानाचा कॅमेरा आता बंद पडला आहे. तिने घेतलेली सगळी गाणी वाहिनीच्या पानावर आहेत आणि लोक ती ऐकतात. तिचा चेहरा त्यांपैकी एकाही गाण्यात नाही. प्रत्येक गाण्याच्या आरंभी तिचा आवाज आहे.